मधुमेह नसताना साखरेचे चढउतार

मधुमेहाविषयी आता पुष्कळ लिहिले आणि बोलले जाते. गावोगावच्या आरोग्य शिबिरांतून रक्तशर्करेची तपासणी होते. बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावरून आकडा सांगणारे छोटे यंत्रही अनेक घरांत रक्तदाबाच्या यंत्राशेजारी येऊन बसले आहे. या प्रसाराचा परिणाम असा की, ज्यांना मधुमेह आहे असे कोणत्याही डॉक्टरांनी सांगितलेले नाही, अशी माणसेही आपल्या रक्तातील साखर मोजू लागली आहेत, आणि त्यांपैकी काहींना तीत अनपेक्षित चढउतार आढळू लागले आहेत. समजा, सकाळी उपाशीपोटी आकडा आला ९२, दुपारी जेवणानंतर दीड तासाने १७८, आणि संध्याकाळी हातपाय थरथरू लागले म्हणून पुन्हा मोजावे तर ६१. यांपैकी कोणताही आकडा मधुमेहाच्या रूढ व्याख्येत बसत नाही. मग याचा अर्थ काय लावावयाचा?

आपल्याकडे अशा वेळी दोन उत्तरे तयार असतात. ‘अशक्तपणा आहे, ग्लुकोजची पावडर घेत जा,’ हे पहिले. ‘साखरेची सुरुवात दिसते, आमच्या घरातली गोळी अर्धी घेऊन पाहा,’ हे दुसरे. पहिल्या सल्ल्याने मूळ कारण दडून राहते आणि दुसरा सल्ला जिवावर बेतू शकतो. मधुमेहाचे निदान झालेले नसताना साखर वरखाली होत असेल, तर त्यामागे साध्या उपवासापासून स्वादुपिंडातील गाठीपर्यंत अनेक कारणे असू शकतात. त्यांतील बहुतेक शोधून काढता येतात आणि पुष्कळशी दूरही करता येतात. अट एवढीच की, शोध योग्य ठिकाणाहून सुरू झाला पाहिजे.

चमचाभर साखरेचा हिशेब

‘साखर’ हा शब्द येथे थोडा फसवा आहे. आपल्या भाषेत साखर म्हणजे डब्यातली, उसाची. रक्तात जी फिरते ती ग्लुकोज नावाची शर्करा, आणि ती भाकरी, भात, पोहे, बटाटा यांपासूनही तयार होते. बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या मनुष्याने ‘मी गोड खात नाही, मग साखर कशी वाढेल?’ असे विचारावे, यात म्हणूनच नवल नाही. हा प्रश्न शब्दाने निर्माण केलेला आहे.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि त्या सर्व रक्तात मिळून ग्लुकोज असते अवघे चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढे. मेंदूला मात्र दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. याचा अर्थ, चमचा सतत रिकामा होत असतो आणि सतत भरला जात असतो. हे भरण्याचे काम दोन जेवणांच्या मधल्या काळात यकृत करते. जेवणातून आलेले जादा ग्लुकोज यकृत ग्लायकोजेनच्या रूपाने साठवून ठेवते आणि लागेल तसे रक्तात सोडते. ही गोष्ट फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सिद्ध केली. प्रौढ माणसाच्या यकृतातील हा साठा साधारण १०० ग्रॅमचा असतो आणि दिवसभराच्या कडक उपवासात तो जवळजवळ संपतो. त्यानंतर यकृताला प्रथिनांच्या व चरबीच्या घटकांपासून नवे ग्लुकोज बनवावे लागते.

या व्यवहारावर लक्ष ठेवणारी संप्रेरके अनेक आहेत. साखर वाढली की स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवते आणि ते साखर पेशींत शिरू देते. साखर उतरू लागली की इन्शुलिन थांबते, ग्लुकॅगॉन हे दुसरे संप्रेरक यकृताला साठा सोडावयास लावते, आणि तरीही भागले नाही तर अॅड्रेनॅलिन धावून येते. छातीत धडधड, घाम, थरथर, अनावर भूक ही लक्षणे या अॅड्रेनॅलिनची असतात. साखर त्याहूनही खाली गेली की मेंदूच उपाशी पडतो. बोलणे अडखळते, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस विचित्र वागू लागतो, त्याला आकडीही येऊ शकते आणि शेवटी तो बेशुद्ध पडतो.

तेव्हा चढउतार हा स्वतः रोग नव्हे. निरोगी माणसाची साखर बहुतेक वेळ ७० ते १४० मिलिग्रॅमच्या दरम्यान असते. (या लेखातील साखरेचे सर्व आकडे दर १०० मिलिलिटर रक्तातील मिलिग्रॅमचे आहेत.) जेवणानंतर ती काही मिनिटे १४० च्या वर गेली आणि परत आली, तर तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. दंडावर चिकटवून दिवसरात्र नोंद घेणारे संवेदक आल्यापासून पूर्णतः निरोगी माणसांतही असे लहान उंचवटे दिसून आले आहेत. अशा संवेदकांची जाहिरात हल्ली मधुमेह नसलेल्यांकडेही वळली आहे. त्यांतील प्रत्येक रेषेकडे पाहून जेवणाचे ताट बदलत बसणे हा नवा व्याप मात्र आपल्या मागे लावून घेण्याचे कारण दिसत नाही.

आकडा खरा आहे काय?

कारण शोधण्यापूर्वी आकडाच खरा आहे काय हे पाहणे अगत्याचे असते. घरगुती यंत्राच्या आंतरराष्ट्रीय मानकात १०० पेक्षा कमी साखरेसाठी १५ मिलिग्रॅमपर्यंत आणि त्यावरील साखरेसाठी १५ टक्क्यांपर्यंत फरक मान्य केलेला आहे. वर उल्लेखिलेल्या ६१ या आकड्यामागे प्रत्यक्षात ४६ असू शकेल किंवा ७६ ही असू शकेल. पहिल्या शक्यतेत धोका आहे, दुसरीत काहीच नाही. आंबा किंवा केळे सोलल्यावर हात न धुता बोट टोचले, तर फळातील शर्करा थेंबात मिसळून आकडा फुगतो. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने ती पुरती निघत नाही, हात पाण्याने धुऊन कोरडे करावे लागतात. मुदत संपलेल्या किंवा दमट हवेत उघड्या राहिलेल्या पट्ट्याही चुकीचे आकडे देतात, ही बाब कोकणासारख्या प्रदेशात पावसाळ्यात विशेष ध्यानी धरावी.

प्रयोगशाळेतील तपासणीतही एक खोच आहे. नळीत काढलेल्या रक्तातील पेशी जिवंत असतात आणि त्या आपल्या भोवतीची साखर वापरीत राहतात. रक्त तसेच ठेवले तर साखर दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते. फ्लोराइड घातलेली वेगळी नळी याचसाठी असते. आडगावच्या शिबिरात साध्या नळीत रक्त गोळा झाले आणि ते चार तासांनी तालुक्याच्या प्रयोगशाळेत पोचले, तर धडधाकट माणसाची साखरही उतरलेली दिसेल, आणि ज्याची खरोखर वाढलेली आहे त्याची ‘ठीक’ दिसेल. दुसरी चूक अधिक हानिकारक होय.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही चाचणी उपयुक्त खरी, पण तिचा आधार रक्तातील हिमोग्लोबिन हाच असल्याने रक्ताचा दोष असलेल्यांत ती फसवू शकते. लोहाच्या कमतरतेमुळे पंडुरोग असेल तर ती प्रत्यक्षापेक्षा जास्त येऊ शकते, आणि हा पंडुरोग आपल्या स्त्रियांत किती सार्वत्रिक आहे हे सांगावयास नको. उलट तांबड्या पेशी लवकर नष्ट होत असतील, तर ती खोटी कमी येते. गडचिरोली, नंदुरबार या जिल्ह्यांतील ज्या आदिवासी समाजांत सिकलसेलचा विकार आढळतो, तेथे केवळ या चाचणीवर विसंबून चालत नाही. शिवाय सरासरी ही सरासरीच असते. ५० आणि १५० यांची सरासरी १००, आणि १०० व १०० यांचीही १००.

यास्तव डॉक्टर तीन गोष्टी एकत्र जुळतात काय ते पाहतात. त्रास होत आहे, त्याच वेळी घेतलेल्या रक्तात साखर खरोखर कमी आहे आणि साखर दिल्यावर तो त्रास थांबतो. अमेरिकन शल्यचिकित्सक अॅलन व्हिपल यांनी १९३० च्या दशकात घालून दिलेली ही कसोटी आजही वापरात आहे. मधुमेह नसलेल्या माणसाच्या बाबतीत त्रासाच्या वेळी प्रयोगशाळेत मोजलेली साखर ५५ पेक्षा कमी असेल, तर पुढील तपास हाती घेतात. थरथर आणि घाम यांची कारणे इतरही असतात. थायरॉइडचा विकार, भीतीचा झटका, हृदयाचे अनियमित ठोके, रिकाम्या पोटी चारपाच कप चहा, यांतील कशानेही तसेच वाटू शकते. त्रासाच्या वेळी साखर ८५ असेल तर साखरेला दोष न देता कारण इतरत्र शोधले पाहिजे.

जेवणानंतरची घसरण

सर्वांत अधिक आढळणारा प्रकार म्हणजे जेवणानंतर वर जाऊन मग खाली घसरणारी साखर. टोरांटो येथे १९२१ साली बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे केले आणि ते रुग्णांना मिळू लागले. लवकरच असे दिसले की, मात्रा जास्त झाली की रुग्णाला घाम सुटतो, भूक लागते, भोवळ येते. अमेरिकेतील अलाबामा राज्यातील डॉ. सील हॅरिस यांनी हीच लक्षणे इन्शुलिन कधीही न घेतलेल्या काही माणसांत पाहिली. १९२४ साली त्यांनी असे मत मांडले की, अशा व्यक्तींचे स्वादुपिंडच गरजेपेक्षा जास्त इन्शुलिन सोडत असावे. एखादा रोग सापडण्यापूर्वी त्याच्या उलट रोगाचे औषध सापडावे, असा हा योग होता.

याचे एक स्पष्टीकरण असे. जेवण होताच इन्शुलिनचा पहिला झोत वेळेवर यावयास हवा. मधुमेहाच्या वाटेवर असलेल्या व्यक्तीत हा झोत मंदावतो. साखर प्रथम बरीच चढते, मग उशिरा जागे झालेले स्वादुपिंड भरपूर इन्शुलिन सोडते, आणि तोवर आतड्यांतून साखर येणे थांबलेले असल्याने तीनचार तासांनी ती गरजेपेक्षा खाली जाते. दुपारी जेवून संध्याकाळी पाचच्या सुमारास गळून जाण्याची तक्रार अशी उद्भवू शकते. म्हणजे साखर ‘कमी’ होण्याची तक्रार ही पुढे ती ‘वाढणार’ असल्याची आगाऊ सूचना असू शकते. ग्लुकोजची पावडर पाजण्याचा उपाय येथे किती उलटा पडेल हे यावरून ध्यानात यावे.

मधुमेहाच्या वाटेवरील या अवस्थेच्या सीमा ठरलेल्या आहेत. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, अथवा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा अधिक साखर असेल, तर मधुमेह. दोन तासांनंतरचा आकडा १४० ते १९९ मध्ये असेल, तर मधुमेहपूर्व अवस्था. उपाशीपोटीची तिची खालची सीमा अमेरिकन संस्था १०० मानते, तर जागतिक आरोग्य संघटना ११०. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले अंदाज पाहता, देशात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख, तर मधुमेहपूर्व अवस्थेतील माणसे सुमारे १३ कोटी ६० लाख आहेत. केवळ उपाशीपोटीची तपासणी केली तर यांतील पुष्कळ माणसे निसटतात, कारण त्यांचा बिघाड जेवणानंतर दिसतो.

‘मी तर सडपातळ आहे’ या समजुतीलाही आपल्याकडे फारसा आधार नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुणे जिल्ह्यातील सहा गावांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासात तर हा फरक जन्मापासून असल्याचे दिसले. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील बाळांपेक्षा पाऊण किलोहून अधिक कमी, तरी त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने घटलेली नव्हती. कमी होते ते स्नायू. जेवणातली साखर मुख्यतः स्नायू टिपून घेतात, हे लक्षात घेतले की सडपातळ देहातही ती का उतू जाते याचा उलगडा होतो.

आपले उपवासही येथे थोडे तपासून पाहण्यासारखे आहेत. चतुर्थीला दिवसभर चहावर राहून एकदम साबुदाण्याची खिचडी खाणे म्हणजे रिकाम्या पोटावर जवळजवळ निव्वळ पिष्ट घालणे होय. दाण्याचे कूट व दही भरपूर घेतले तर शोषण काहीसे मंदावते. चढउताराचा त्रास असलेल्यांना डॉक्टर सहसा सांगतात ते इतकेच, की थोडे पण वेळेवर खावे, भाताबरोबर वरण, उसळ, भाजी वाढवावी, सरबते व मिठाई उपाशीपोटी टाळावी आणि जेवणानंतर दहापंधरा मिनिटे चालावे. लठ्ठपणावरील किंवा अन्य कारणासाठी जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांत अन्न आतड्यांत झपाट्याने उतरते आणि अशीच घसरण होते. शस्त्रक्रियेला वर्ष उलटून गेल्यावरही ती सुरू होऊ शकते, म्हणून जुन्या शस्त्रक्रियेची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी.

औषधांचा डबा

कारण न सापडणाऱ्या चढउतारांचा उगम पुष्कळदा घरातील औषधांच्या डब्यात असतो. एकाच डब्यात आजोबांच्या मधुमेहाच्या आणि आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या असल्या, दोन्ही पांढऱ्या व बारीक असल्या, आणि डोळे अधू असले, तर अदलाबदल व्हावयास वेळ लागत नाही. स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडावयास लावणारी गोळी मधुमेह नसलेल्याने घेतली तर साखर धोकादायकरीत्या उतरते, आणि मूत्रपिंड दुबळे असेल तर ती पुन्हा पुन्हा उतरत राहते. साखर पाजून माणूस शुद्धीवर आला म्हणजे संपले असे येथे नसते. त्याला रुग्णालयात नेऊन देखरेखीखाली ठेवणे जरूर असते.

हीच गोष्ट अजाणताही घडते. सिंगापूर येथे २००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत मधुमेह नसलेले १५० रुग्ण साखर अतिशय उतरल्यामुळे रुग्णालयांत दाखल झाले. त्यांपैकी सात जण दीर्घकाळ बेशुद्धीत राहिले आणि चौघे मरण पावले. तपासात असे आढळले की, पौरुषवर्धक म्हणून बेकायदा विकल्या जाणाऱ्या औषधांत ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचे औषध मोठ्या प्रमाणात मिसळलेले होते. वेष्टणावर घटकद्रव्ये न लिहिलेल्या पुड्या आणि ‘शक्ती’च्या गोळ्या आपल्या बाजारांतही मिळतात. त्या घेणाऱ्याने डॉक्टरांपासून ही गोष्ट लपवू नये. येथे संकोच महागात पडतो.

काही औषधे साखर दोन्ही दिशांना ढकलतात. गॅटिफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक त्यांपैकी एक. ते घेणाऱ्यांपैकी काहींची साखर फार चढे, तर काहींची फार उतरे. भारतात त्याच्या गोळ्या व इंजेक्शने यांवर २०११ साली बंदी घालण्यात आली. मलेरियावरील क्विनाइननेही साखर उतरू शकते. हातापायांच्या मुंग्यांसाठी जीवनसत्त्वांबरोबर दिल्या जाणाऱ्या अल्फा लिपोइक अॅसिडमुळे क्वचित शरीर इन्शुलिनविरुद्ध प्रतिपिंडे बनवू लागते. ही प्रतिपिंडे इन्शुलिन धरून ठेवतात आणि मग अवेळी सोडून देतात, त्यामुळे साखर आधी चढते व नंतर कोसळते. हा विकार प्रथम १९७० साली जपानमध्ये वर्णिला गेला.

साखर वाढविणाऱ्या औषधांत स्टिरॉइडचा क्रम पहिला. दमा, सांधेदुखी, त्वचारोग यांसाठी ते योग्य रीतीने दिले जाते, तसेच ‘कंबरदुखीवर रामबाण’ अशा निनावी पुड्यांतूनही ते पोटात जाते. सकाळी घेतलेल्या स्टिरॉइडचा परिणाम दुपारनंतर दिसतो. पहाटेची उपाशीपोटीची साखर नेहमीसारखी आणि सायंकाळची २५० असे चित्र त्यामुळे उभे राहते. करोनाच्या साथीत २०२० आणि २०२१ मध्ये असंख्य रुग्णांना स्टिरॉइड द्यावे लागले, अनेकांची साखर प्रथमच वाढलेली आढळली, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात काळ्या बुरशीच्या आजाराने जे थैमान घातले त्यामागे वाढलेली साखर हे एक प्रमुख कारण होते. मोठा जंतुसंसर्ग, हृदयविकाराचा झटका किंवा अपघात यांतही साखर तात्पुरती वाढते. आजार बरा झाल्यावर दोनतीन महिन्यांनी ती पुन्हा तपासली म्हणजे वाढ तात्पुरती होती की आधीचा मधुमेह उघडकीस आला हे कळते.

उपाशी रात्र

आतापर्यंतचे विवेचन प्रौढांविषयी होते. मुलांच्या यकृतातील साठा लहान असतो आणि मेंदूची गरज देहाच्या मानाने मोठी. त्यांच्या बाबतीत एकच उपाशी रात्र काय करू शकते, हे बिहारमधील मुझफ्फरपूर जिल्ह्याने दाखवून दिले. लिचीच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या या भागात १९९५ पासून दर उन्हाळ्यात लहान मुलांचा एक गूढ आजार येत असे. आदल्या संध्याकाळपर्यंत खेळणारे मूल पहाटे किंचाळून उठे, त्याला आकडी येई आणि ते बेशुद्ध होई. मेंदूज्वर म्हणावा तर विषाणू सापडेना. कोणी उष्णतेला दोष दिला, कोणी कीटकनाशकांना.

२०१४ साली राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने अमेरिकन तज्ज्ञांच्या सहकार्याने याचा कसून शोध घेतला. त्या वर्षी २६ मे ते १७ जुलै या काळात ३९० मुले दोन रुग्णालयांत दाखल झाली होती, त्यांपैकी १२२ दगावली. दाखल होताना ज्यांची साखर मोजली गेली, त्यांतील ६२ टक्के मुलांची ती ७० किंवा त्याहून कमी होती. लिचीच्या फळात, विशेषतः कच्च्या फळात, हायपोग्लायसिन आणि त्याच्याच जातीचे आणखी एक द्रव्य असते. शरीरात चरबी जाळून नवे ग्लुकोज बनविण्याची जी क्रिया चालते, ती या द्रव्यांमुळे अडते. पोट भरलेल्या मुलाला ती क्रिया रात्री फारशी लागतच नाही. दिवसभर बागेत पडलेली फळे खाऊन, रात्रीचे जेवण न घेता झोपलेल्या कुपोषित मुलाचा साठा मात्र पहाटेपूर्वी संपतो आणि पर्यायी वाट बंद असते. निष्कर्ष प्रसिद्ध होण्याचीही वाट न पाहता सूचना निघाल्या. मुलांना लिची कमी खाऊ द्यावी, रात्री जेवू घालूनच निजवावे, आणि आजारी मूल येताच साखर मोजून ग्लुकोज द्यावे. पुढील काही वर्षे रुग्णसंख्या बरीच घटली. २०१९ मध्ये मात्र याच भागात पुन्हा शंभराहून अधिक मुले दगावली.

महाराष्ट्रात लिचीच्या अशा बागा नाहीत, पण उपाशी निजणारे कुपोषित मूल आहे. तीव्र कुपोषित बालकाच्या उपचारात साखर उतरू न देणे ही पहिलीच पायरी मानली आहे. अशा बालकाला सुरुवातीस दर दोन तासांनी, रात्रीही उठवून, थोडे थोडे दूध किंवा आहार देतात, तो याचसाठी. पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल झालेल्या मुलाच्या आईला रात्री जागे करणाऱ्या परिचारिकेविषयी कधी कधी कुरकूर होते. तिला हे कारण समजावून सांगितले तर ती होणार नाही.

क्वचित आढळणारी कारणे

जेवणानंतर न घडता उपाशी असताना, पहाटे किंवा श्रमानंतर साखर वारंवार उतरत असेल, तर तपास अधिक खोलवर न्यावा लागतो. रिकाम्या पोटी केलेले मद्यपान हे त्याचे सर्वसामान्य कारण. मद्य यकृताची नवे ग्लुकोज बनविण्याची क्रियाच रोखते, आणि शेजारीपाजारी ‘चढली आहे’ म्हणून ज्याला झोपू देतात, तो प्रत्यक्षात साखर उतरून बेशुद्ध होत असतो. यकृत व मूत्रपिंड यांचे जुने विकार आणि अधिवृक्क किंवा पियुषिका ग्रंथींची मंदगती हीही कारणे आहेत. वजन घटणे, रक्तदाब कमी राहणे, त्वचा काळवंडणे यांसह साखर उतरत असेल, तर अधिवृक्क ग्रंथी तपासतात. क्षयरोग या ग्रंथीला इजा करू शकतो, ही गोष्ट आपल्याकडे विसरता येत नाही.

स्वादुपिंडातील इन्शुलिन स्रवणारी गाठ अत्यंत विरळ असते. दहा लाख लोकांत वर्षाला तीनचार रुग्ण, एवढेच तिचे प्रमाण सांगतात. ती बहुधा दोन सेंटिमीटरहून लहान असते, आणि दहांपैकी नऊ वेळा कर्करोगाची नसते. तरीही तिचा उल्लेख करावयाचा तो एवढ्यासाठी, की पहाटे असंबद्ध बोलणाऱ्या, आकडी येणाऱ्या अशा रुग्णाला अपस्मार किंवा वेड ठरवून वर्षानुवर्षे भलतेच उपचार केले गेल्याची उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात पुष्कळ आहेत. बाहेरची बाधा मानून मांत्रिकाकडे नेले जाण्याची शक्यताही आपल्याकडे धरावी लागते. रुग्णालयात जास्तीत जास्त ७२ तास देखरेखीखाली उपवास घडवून, साखर उतरताच इन्शुलिन व सी-पेप्टाइड मोजले, की निदान होते. सी-पेप्टाइड स्वतःच्या स्वादुपिंडातूनच येते, म्हणून बाहेरून टोचलेले इन्शुलिनही त्यावरून ओळखता येते. गाठ काढली की बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. असा उपवास घरी करून पाहण्याचा विचारही कोणी करू नये.

तपासणीस जाताना

असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ३० वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेहासाठीची प्राथमिक तपासणी उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे येथे विनामूल्य होते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या व उपचार निःशुल्क करण्याचा निर्णय शासनाने घेतला. तेव्हा खर्चाच्या भीतीने तपास लांबणीवर टाकण्याचे कारण नाही. गरोदरपणी ज्यांची साखर वाढली होती अशा स्त्रियांनी, बाळंतपणानंतर ती पूर्ववत झाली तरी, वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी.

त्रास सुरू असताना यंत्र हाताशी असेल तर आधी हात धुऊन साखर मोजावी आणि मग तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. चॉकलेट किंवा पेढा यांतील स्निग्धांशामुळे साखर शोषली जाण्यास उशीर लागतो, म्हणून साधी साखरच बरी. यंत्र नसेल तर मोजण्यासाठी थांबू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

डॉक्टरांना सर्वांत अधिक उपयोगी पडते ती दोन आठवड्यांची साधी वही. तीत त्रास किती वाजता झाला, त्यापूर्वी काय व केव्हा खाल्ले होते, आकडा किती होता, साखर घेतल्यावर किती वेळाने बरे वाटले, एवढेच लिहावे. वाहन किंवा ट्रॅक्टर चालविताना, विहिरीच्या काठावर किंवा उंचावर काम करताना त्रास झाला असेल तर ते स्पष्ट नोंदवावे, आणि निदान होईपर्यंत अशी कामे दुसऱ्याकडे सोपवावीत. जाताना गोळ्यांची नावे आठवीत बसण्यापेक्षा घरातील सर्वांच्या औषधांची पाकिटे, पुड्या, काढ्यांच्या बाटल्या आणि शक्तिवर्धकांचे डबे पिशवीत घालून तसेच डॉक्टरांपुढे ठेवावेत.